मिश्र जोडणीत शाखांमधील विद्युतधारांची बेरीज मुख्य धारेशी का जुळत नाही?

पदविका_प्रथमवर्ष:

नमस्कार. मी तंत्रनिकेतनात विद्युत पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. ओहमच्या नियमावरील (व्होल्ट = धारा × रोध) प्रयोगाची वही पूर्ण करताना एक अडचण आली आहे. पुस्तकातील सोडवलेल्या उदाहरणांत तिचे उत्तर सापडले नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

परिपथ साधाच आहे. ९ व्होल्टवर स्थिर ठेवलेल्या नियंत्रित डीसी पुरवठ्याच्या धन टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर जोडला आहे. त्याच्यापुढे मार्गाच्या दोन शाखा होतात. एका शाखेत ३३० ओहमचा आणि दुसरीत २२० ओहमचा रेझिस्टर आहे, आणि दोन्ही शाखा पुन्हा एकत्र येऊन पुरवठ्याच्या ऋण टोकाला मिळतात. खणातील बरेच रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून, ज्यांचा रोध छापील किमतीइतकाच दिसला असे तीन मी वेगळे काढले होते.

गणित असे केले. समांतर जोडलेल्या दोन रेझिस्टरांचा परिणामी रोध ३३० × २२० ÷ ५५० = १३२ ओहम. त्यात एकसर जोडलेले १०० ओहम मिळवून परिपथाचा एकूण रोध २३२ ओहम. म्हणून मुख्य धारा ९ ÷ २३२ = ०.०३८७९ अँपिअर, म्हणजे ३८.७९ मिलीअँपिअर. ही धारा १०० ओहममधून जाताना ३.८८ व्होल्ट खर्ची पडतात आणि दोन्ही शाखांच्या टोकांदरम्यान ५.१२ व्होल्ट उरतात. त्यावरून ३३० ओहमच्या शाखेत १५.५२ आणि २२० ओहमच्या शाखेत २३.२८ मिलीअँपिअर धारा यायला हवी. बेरीज मुख्य धारेइतकीच येते, शेवटच्या दशांशातील फरक अंक तोडल्यामुळे आहे.

प्रत्यक्षात मात्र मीटर मुख्य मार्गात घातल्यावर ३८.६ आणि २२० ओहमच्या शाखेत घातल्यावर २३.२ मिलीअँपिअर दिसले. ही दोन्ही वाचने मीटरच्या २०० मिलीअँपिअरच्या पल्ल्यावर, म्हणजे तेवढ्या कमाल धारेच्या मापनावर, घेतली. ३३० ओहमच्या शाखेतील धारा २० मिलीअँपिअरच्या आत असल्याने अधिक अचूक वाचन मिळावे म्हणून मी पल्ला बदलून २० मिलीअँपिअरचा घेतला, तेव्हा १५.१४ दिसले. शाखांची बेरीज ३८.३४ येते, जी मोजलेल्या मुख्य धारेपेक्षाही कमी आहे आणि गणिताने काढलेल्या धारेपेक्षाही. संधीपाशी, म्हणजे शाखा जेथे फुटतात त्या बिंदूपाशी, येणारी धारा आणि तेथून निघणारी धारा समान असते असे शिकलो आहोत, मग ही तूट कोठे गेली?

दुसरा प्रश्न याच परिपथाचा आहे. २२० ओहमची शाखा उघडली, तर वर्गातील काही जणांच्या मते सगळी ३८.७९ मिलीअँपिअर धारा ३३० ओहममधून जाईल, कारण तिला दुसरा मार्गच उरत नाही. माझ्या गणिताने २०.९३ येते आणि मीटरवरही २०.९ दिसते. म्हणजे उत्तर माझ्याकडे आहे, पण त्यांच्या युक्तिवादात नेमके काय चुकते ते मला शब्दांत सांगता येत नाही.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर:

रेझिस्टरवर सोनेरी पट्टी असेल तर त्याचा टॉलरन्स अधिक-उणे ५ टक्के असतो. म्हणजे ३३० ओहम छापलेला रेझिस्टर ३१३.५ ते ३४६.५ ओहमपर्यंत कितीही असू शकतो. आपण मोजून निवडले म्हणता, तरी त्या मोजणीतही थोडा फरक राहतोच, शिवाय धारा वाहू लागल्यावर रेझिस्टर किंचित तापतो. ३८.७९ च्या जागी ३८.३४ येणे म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतला फरक आहे. आम्ही रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करताना पाच टक्क्यांपर्यंतच्या फरकाकडे पाहतसुद्धा नाही. वहीत कारण म्हणून टॉलरन्स लिहा, कोणी आक्षेप घेणार नाही.

मापनशाळा:

वरील उत्तर व्यवहाराला पुरेसे असले तरी विचारलेल्या प्रश्नाला ते लागू होत नाही, असे नम्रपणे नोंदवतो. टॉलरन्समुळे गणितातील धारा आणि मोजलेली धारा यांत तफावत पडू शकते, पण मोजलेल्या तीन धारांमध्ये आपापसांत तफावत पडू शकत नाही. ३३० च्या जागी रोध ३४० निघो किंवा ३१५ निघो, संधीपाशी येणारी धारा आणि तेथून निघणारी धारा समानच राहणार, कारण किर्चहॉफचा हा नियम रोधाच्या किमतीवर अवलंबून नाही. तेव्हा बेरीज जुळत नसेल तर दोनच शक्यता उरतात: एकतर मीटरचे वाचन अचूक नाही, किंवा तिन्ही वाचने एकाच परिपथाची नाहीत. आपल्या प्रश्नातील एका वाक्यावरून दुसरी शक्यता मला अधिक बळकट वाटते. ते वाक्य पल्ला बदलल्याचे आहे.

साधा डिजिटल मल्टिमीटर धारा थेट मोजत नाही. तो फक्त विभवांतर (दोन टोकांमधील व्होल्टचा फरक) मोजतो, आणि अशा बहुतेक मीटरांचे मूळ मापन २०० मिलिव्होल्टपर्यंतचे असते. धारेचा पल्ला निवडला की मीटरच्या आत एक लहानसा शंट रेझिस्टर मार्गात येतो, आपली धारा त्यातून जाते, त्याच्या टोकांदरम्यान उत्पन्न झालेले विभवांतर मीटर मोजतो आणि ओहमच्या नियमाने त्याचे धारेत रूपांतर करून आकडा दाखवतो. २०० मिलीअँपिअरला २०० मिलिव्होल्ट मिळण्यासाठी शंट १ ओहमचा लागतो, २० मिलीअँपिअरला तेवढेच विभवांतर मिळण्यासाठी १० ओहमचा आणि २ मिलीअँपिअरच्या पल्ल्यावर १०० ओहमचा. म्हणजे पल्ला जितका बारीक, तितका मीटर परिपथात अधिक अडथळा घालतो. फ्यूज आणि प्रोबच्या वायरी यांचा रोध त्यात आणखी थोडी भर घालतो, तो येथे सोडून देऊ.

आता आपली तीन वाचने तीन निराळे परिपथ समजून सोडवू. मीटर मुख्य मार्गात असताना एकूण रोध २३२ नसून २३३ ओहम होता, म्हणून धारा ३८.६३ मिलीअँपिअर. मीटर २२० ओहमच्या शाखेत असताना ती शाखा २२१ ओहमची झाली. ३३० शी तिचा समांतर परिणामी रोध १३२.३६ ओहम, एकूण २३२.३६, मुख्य धारा ३८.७३, शाखांवरील विभवांतर ५.१२७ व्होल्ट आणि त्या शाखेतील धारा २३.२० मिलीअँपिअर. मीटर ३३० ओहमच्या शाखेत २० मिलीअँपिअरच्या पल्ल्यावर असताना मात्र ती शाखा तब्बल ३४० ओहमची झाली. तिचा २२० शी परिणामी रोध १३३.५७, एकूण २३३.५७, मुख्य धारा ३८.५३, शाखांवर ५.१४७ व्होल्ट, आणि त्या शाखेत १५.१४ मिलीअँपिअर. आपण दिलेले तिन्ही आकडे यात आले.

या तिसऱ्या परिपथात संधीचा नियम तपासून पाहा. ३३० च्या शाखेत १५.१४ असताना २२० च्या शाखेतील धारा २३.२ नव्हतीच, ती ५.१४७ ÷ २२० म्हणजे २३.३९ झाली होती, आणि १५.१४ व २३.३९ यांची बेरीज त्या वेळच्या मुख्य धारेइतकी, ३८.५३ येते. धारा कोठेही हरवलेली नाही. एका परिपथातील १५.१४ आणि दुसऱ्या परिपथातील २३.२ यांची बेरीज करून तिची तुलना तिसऱ्याच परिपथातील ३८.६ शी केली गेली आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगतो. साध्या मीटरची धारामापनातील अचूकता एक-दीड टक्क्यापलीकडची नसते, त्यामुळे ३८.६ हे वाचनच अर्ध्या मिलीअँपिअरने इकडेतिकडे असू शकते. गणित आणि वाचन इतके तंतोतंत जुळले यात थोडा योगायोगही असेल. माझे स्पष्टीकरण पडताळायचे असेल तर ३३० ओहमच्या शाखेतील धारा २०० मिलीअँपिअरच्या पल्ल्यावर पुन्हा मोजावी. पल्ला खरखरीत असूनही वाचन १५.५ यायला हवे. मीटरच्या रोधाचा यात हात नसेल, तर वाचन १५.१ च्या आसपासच राहील.

याहून चांगला उपाय म्हणजे धारा मोजण्यासाठी परिपथ तोडूच नये. रेझिस्टरचा रोध आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा त्याच्या टोकांदरम्यानचे विभवांतर मोजून त्याला रोधाने भागावे. व्होल्टमीटर म्हणून वापरताना स्वस्त मीटरचाही रोध १० लाख ओहम किंवा त्याहून अधिक असतो, आणि आपल्या परिपथात त्यामुळे पाच व्होल्टमध्ये एक मिलिव्होल्टचाही फरक पडत नाही. हा उपाय सर्वत्र चालतो असे मात्र समजू नये. हाच परिपथ १०० किलोओहम, ३३० किलोओहम आणि २२० किलोओहम घेऊन बांधला, तर १० लाख ओहमचा तोच व्होल्टमीटर स्वतःच तिसरी शाखा बनतो आणि ५.१२ च्या जागी ४.८५ व्होल्टच्या आसपास दाखवतो.

पदविका_प्रथमवर्ष:

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पल्ला न बदलता ३३० ओहमच्या शाखेत मोजले, वाचन १५.५ आले. नंतर मीटर बाहेर काढून केवळ विभवांतरे मोजली. १०० ओहमवर ३.८८ आणि दोन्ही शाखांवर ५.१२ व्होल्ट मिळाले. ५.१२ ला ३३० ने आणि २२० ने भागून आलेल्या धारांची बेरीज मुख्य धारेशी जुळली. वहीत आता दोन्ही पद्धतींची वाचने शेजारीशेजारी लिहिणार आहे.

यातूनच आणखी एक शंका निघाली. घरी नियंत्रित पुरवठा नाही, म्हणून मी हाच परिपथ ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर करून पाहिला. बॅटरी मोकळी असताना ९.२० व्होल्ट दाखवते, परिपथ जोडताच ८.८६ वर येते आणि परिपथ काढला की पुन्हा वर जाते. गणितात व्होल्टची कोणती किंमत घ्यावी?

निवृत्त_अध्यापक:

आपल्या बॅटरीच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती ओहमच्या स्वतःच्या अडचणीपर्यंत जाते.

परिपथ जोडलेला असताना बॅटरीच्या टोकांदरम्यान ८.८६ व्होल्ट आहेत, म्हणून बाहेरच्या २३२ ओहममधील धारा ८.८६ ÷ २३२ = ३८.१९ मिलीअँपिअर. ९.२० मधून घटलेले ०.३४ व्होल्ट बॅटरीच्या अंतर्गत रोधावर पडले आहेत आणि तीच धारा त्यातूनही जाते, तेव्हा अंतर्गत रोध ०.३४ ÷ ०.०३८१९, म्हणजे सुमारे ८.९ ओहम. ९.२० घ्यायचे असतील तर त्यांना २३२ ने भागू नये, २४०.९ ने भागावे; धारा तीच येते. बॅटरी जुनी होत जाते तसा हा अंतर्गत रोध वाढत जातो. केवळ मोकळ्या बॅटरीचे व्होल्ट पाहून ती चांगली आहे असे ठरवणे त्यामुळेच फसवे असते.

गेऑर्ग सिमोन ओहम हे जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होते. १८२५ मध्ये प्रयोगांना सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे व्होल्टाच्या पद्धतीचे विद्युतघट होते, आणि धारा वाहू लागताच त्यांचे बळ बदलत असल्याने वाचने स्थिर राहत नव्हती. जर्मन पदार्थवैज्ञानिक पोगेन्डॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडाचा उष्णताविद्युत घट घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि समान जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून धारेमुळे चुंबकसूची किती वळते ते मोजले. १८२६ मध्ये त्यांनी मांडलेल्या सूत्रात धारा ही एका राशीला दोन राशींच्या बेरजेने भागून मिळते: वर घटाचे बळ, खाली तारेची लांबी अधिक परिपथाच्या उरलेल्या भागाचा एक स्थिरांक. आपले ९.२० ला २३२ अधिक ८.९ ने भागणे हे त्याच सूत्राचे रूप आहे. पाठ्यपुस्तकांत बॅटरी आणि अमीटर दोन्ही आदर्श मानले जातात, त्यामुळे तो स्थिरांक दिसेनासा होतो आणि प्रयोगशाळेत अचानक पुन्हा भेटतो. संधीचा नियम बराच नंतरचा आहे. किर्चहॉफ यांनी तो १८४५ मध्ये, क्योनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असताना मांडला.

आता आपल्या मित्रांचा युक्तिवाद. २२० ओहमची शाखा उघडल्यावर ३८.७९ मिलीअँपिअर तशीच ३३० ओहममधून जाते असे क्षणभर मान्य करू. मग ओहमच्या नियमाने ३३० च्या टोकांदरम्यान ०.०३८७९ × ३३० = १२.८ व्होल्ट असायला हवेत. १०० ओहमवरचे ३.८८ त्यात मिळवले तर १६.७ व्होल्ट होतात. आपला पुरवठा ९ व्होल्टचा आहे. त्यांना एवढे दाखवले तरी वाद मिटावा.

चूक आहे ती पुरवठा ठरावीक धारा ढकलतो आणि परिपथ ती फक्त वाटून घेतो, या समजुतीत. पाण्याच्या नळाची उपमा देऊन शिकवले की ही समजूत हमखास रुजते, म्हणून मी वर्गात ती उपमा देणे सोडून दिले होते. येथे स्थिर आहेत ते ९ व्होल्ट. धारा पूर्ण परिपथाच्या रोधावरून ठरते, आणि एका कोपऱ्यातील बदलाने ती सर्वत्र बदलते. शाखा उघडताच एकूण रोध २३२ वरून ४३० ओहम होतो, मुख्य धारा २०.९३ मिलीअँपिअरपर्यंत उतरते, त्यामुळे १०० ओहमवर फक्त २.०९ व्होल्ट पडतात आणि ३३० च्या वाट्याला ६.९१ व्होल्ट येतात. त्याच्या टोकांदरम्यानचे विभवांतर ५.१२ वरून ६.९१ झाले, म्हणून त्यातील धारा १५.५२ वरून २०.९३ झाली. मुख्य धारा घटली आणि या शाखेतील धारा वाढली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि विद्यार्थी अडखळतात ते बहुधा याच ठिकाणी.

वर्गात दुसरी एक चूक मी वर्षानुवर्षे तपासली आहे. ३३० ओहममधील धारा काढताना विद्यार्थी सरळ ९ ला ३३० ने भागतात आणि २७.३ मिलीअँपिअर लिहून मोकळे होतात. विभवांतर, धारा आणि रोध या तिन्ही राशी एकाच घटकाच्या घ्यायच्या असतात. पुरवठ्याचे विभवांतर घेतले तर रोध संपूर्ण परिपथाचा घ्यावा. ३३० चा रोध घेतला तर विभवांतर त्याच्याच टोकांदरम्यानचे घ्यावे. आपण ही काळजी घेतली आहे, पण मित्रांच्या वह्या पाहिल्यास ३८.७९ सोबत हे २७.३ ही कोठेतरी सापडण्याची शक्यता आहे.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर:

मीटरच्या शंटचा विषय निघालाच आहे, तर कामाची एक गोष्ट सांगतो. धारेच्या पल्ल्यावर मीटर म्हणजे १ ओहमचा रेझिस्टर, हे वर स्पष्ट झाले. धारा मोजून झाल्यावर नॉब तसाच ठेवून व्होल्ट पाहण्यासाठी प्रोब थेट पुरवठ्याच्या टोकांना लावले, तर ९ व्होल्टना समोर १ ओहम मिळतो आणि नियमाने धारा येते ९ अँपिअर. प्रयोगशाळेतला पुरवठा बहुधा तेवढी देणार नाही, पण मीटरमधला फ्यूज उडवायला त्याच्या कितीतरी कमी धारा पुरते. फ्यूज उडालेला मीटर व्होल्ट बरोबर दाखवतो आणि धारा मात्र शून्य दाखवत राहतो, त्यामुळे पुढच्या तुकडीतला विद्यार्थी तासभर चांगल्या जोडणीत दोष शोधत बसतो. पुरवठ्यावर धारामर्यादेचा नॉब असेल तर या प्रयोगासाठी तो १०० मिलीअँपिअरवर ठेवावा. परिपथाला ३९ च्या आसपास लागतात, त्यामुळे वाचनात काही फरक पडणार नाही आणि प्रोब चुकून लागलेच तरी फ्यूज वाचेल.

पदविका_प्रथमवर्ष:

आमच्या पुरवठ्यावर तो नॉब आहे आणि तो आतापर्यंत पूर्ण उघडाच असायचा. उद्याच्या तासाला १०० वर लावून तीच वाचने पुन्हा घेतो. मित्रांना १६.७ व्होल्टचे गणित दाखवले. त्यांचा पुढचा प्रश्न असा आहे की १०० ओहमचा रेझिस्टर काढून दोन्ही शाखा सरळ पुरवठ्याला जोडल्या, तर एक शाखा उघडल्याने दुसरीतील धारा बदलेल का.

निवृत्त_अध्यापक:

नियंत्रित पुरवठ्यावर बदलणार नाही. दोन्ही शाखांवर ९ व्होल्टच राहतील, म्हणून ३३० मध्ये २७.३ आणि २२० मध्ये ४०.९ मिलीअँपिअर, शेजारची शाखा असो वा नसो. आपल्या चौकोनी बॅटरीवर मात्र थोडी बदलेल, कारण १०० ओहम काढले तरी बॅटरीच्या आतील ८.९ ओहम मार्गात एकसर जोडलेलेच आहेत. दोन्ही शाखा असताना ३३० मध्ये किती आणि एकटी असताना किती, हे त्यांना काढायला सांगा. मोकळ्या बॅटरीचे ९.२० व्होल्ट धरले, तर उत्तरे २६.१ आणि २७.१ मिलीअँपिअर यायला हवीत.